काळ्या वडीतलं अंडं

कळमनुरी,
ता. १० डिसेंबर १९४०

सौ. अक्कास,
सूर्यकांतचा शि. सा. न. वि. वि.

अंड्याची टरफलं मी टाकली. आधी हेच लिहितो, न्हाईतर पानाच्या खालपर्यंत जाऊस्तोवर माझी हिंमत सरंल अन् मी तुला बाजारातल्या बैलांचं लिहीत बसीन. न्हाणीमागच्या राखेत सापडलेली चार टरफलं मी भीमसिंगाच्या खुराड्यामागून उचलली, उपरण्यात बांधून आणली अन् मीच राखेत खुपसली. गंगूआत्यानं अंड्याला बोटबी लावलं न्हाई. आता खाली बैस, भावजी घरात असतील तर पत्र लपव, अन् मंग पुढं वाच.

आत्याची काळी वडी तू लई खाल्ली, पण तिच्यात काय असतं ते तुला ठाऊक न्हाई. बाबा हिंगोलीला मालधक्क्यावर कारकून होते तवा शेजारच्या बंगल्यातली मडम व्हरांड्यात शेगडी मांडून ही वडी भाजायची, अन् आत्या कुंपणाअल्याड उभी राहून बघायची. मडम कोको, साखर, लोणी, मैदा अन् चार अंडी घालायची. आत्यानं अंडी सोडली अन् त्या जागी काय घालावं म्हणून दोन वर्सं डोकं चालवलं. दही घातलं, केळं घातलं, समदं फसलं. शेवटी जमलं ते असं: दूध तापवून त्यात लिंबू पिळायचं, नासलं की फडक्यात बांधून पाणी काढायचं, अन् तो पांढरा गोळा पाट्यावर लोण्यावाणी वाटायचा. मंग तो लोणी-साखरेत घोटायचा, कोको अन् मैदा मिसळून पितळी डब्यात ओतायचं, खाली निखारे अन् झाकणावर निखारे. वरून पातळ पापुद्रा, आतून चिखलावाणी ओली. मी माळ्यावर लपून पाहिलं म्हणून मला ठाऊक. तिनं कुणाला सांगितलं न्हाई, कारण आपल्यात हातानं दूध नासवायचं म्हंजी गाईवर अवदसा बोलवायची. त्यात कार्तिकात कपिलेचं वासरू मेलं. दुधाचं कळलं असतं तर वासरू हिनंच खाल्लं असं आपली आईच म्हणली असती.

तर परवाच्या रविवारी देवळाचे पंच किसनराव आले होते, दत्ताच्या देवळाची पूजा नानांच्या मागं कुणी करायची ते ठरवायला. बाबा गेल्यापासून आपले हे चुलते म्हंजी घरात बोलणारं एकच तोंड, अन् खाणारंबी एकच. आत्यानं ताटलीत वीस वड्या ठेवल्या. नानांनी अकरा खाल्ल्या, मी मोजल्या. किसनरावांनी आठ. उरलेल्या एकीला मी हात घातला तर नानांनी माझ्या मनगटावर पळी हाणली अन् किसनरावांना सांगितलं की पुजाऱ्यानं जिभेला लगाम घातला पाहिजे, अन् ती बारावी स्वतःच तोंडात टाकली.

माझं डोकं फिरलं. मागच्या दारानं भीमसिंगाकडं गेलो, काम उरकून आलो अन् लई भोळा चेहरा करून नानांना इचारलं की मडमेच्या वडीत अंडं असतं म्हणतात ते खरं का. नाना थांबले. किसनराव थांबले. मंग मी न्हाणीमागं जाऊन बोंब मारली की राखेत हे काय पडून राहिलं.

अक्का, तू पाहायला पाहिजे होतंस. नाना तुळशीपाशी वाकून घशात बोटं घालून राहिले, किसनरावांची पगडी मोरीत पडली अन् ती उचलायला वाकले तर त्यांनाबी उमळ आली, थेट पगडीत. मी उपरणं तोंडात कोंबून हसून राहिलो. पाव घंट्यात सांगून टाकणार होतो, दत्ताची शपथ.

पण नानांनी आत्याला समोर उभं केलं. वडीत बारीक पांढरे कण काहून दिसतात ते सांग म्हणले. आत्यानं आईकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली. मला वाटलं आता सांगंल, मंग सांगंल. तिनं तोंड उघडलं न्हाई. नाना म्हणले की गप बसली म्हंजी कबूल झाली. किसनरावांच्या देखत त्यांनी जाहीर केलं की प्रायश्चित्त घ्यावं लागंल, अन् बाबांनी हयातभर अडवून धरलेली गोष्ट आता होईल. येत्या बुधवारच्या बुधवारी, ता. १८ ला, आत्याचे केस काढायचे.

तुला ते केस माहीत हायेत. मी काय करू ते लिही. तुझी माया आटू देऊ नको.

तुझा
सूर्यकांत

*

गोरेगाव,
ता. १४ डिसेंबर १९४०

चि. सूर्यकांत यास,
ताराचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले ते रीत म्हणून. समोर असतास तर लाटणं असतं. एकोणीस वर्सांचा घोडा झालास अन् अजून लोकायच्या ताटात माती कालवून दात काढतोस. मागं माझ्या लग्नात विहिणीच्या पाटाखाली तू बेडूक ठेवलास, त्याचे टोमणे मी इथं चार वर्सं खाऊन राहिले. पण बेडकानं कुणाचे केस गेले न्हाईत.

नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं त्या बाईचं. तिच्याजवळ दोनच गोष्टी हायेत, ते केस अन् ती वडी. लहानपणी ती दार लावून केस विंचरायची अन् मला बाहेर राखणीला बसवायची, कुणी थोरलं आलं तर खोकायचं म्हणून. विंचरून झाले की अंबाडा पदराखाली इतका घट्ट दाबायची की बघणाऱ्याला डोक्यावर काही हाये असं वाटूच नये. अन् तू माझा सल्ला मागून राहिला?

सल्ला एकच. पत्र मिळालं की नानांपुढं उभा राहा अन् सांग. मारतील, मार खा. पूजा देणार न्हाईत, नको देऊ देत. भीमसिंगालाबी बोलव, त्याच्या आवारात तुला कुणी पाहिलंच असंल. फक्त बुधवारच्या आत.

आता दुसरी गोष्ट, ती ध्यान देऊन वाच. चंपाषष्ठीला आत्यानं वड्यांचा डबा माझ्याकडं धाडला होता, ते नानांसमोर काढू नको. सासूबाईंनी तीनदा मागून खाल्ल्या अन् सुनेच्या हाताला चव हाये असं शेजारणीला सांगितलं. चार वर्सांत पहिल्यांदा. मी म्हणून बसले की मीच केल्या. आता अंड्याची बातमी उडत उडत इथं आली तर माझी काय गत होईल ते तूच बघ. म्हणून मला इकडून नानांना लिहिता येत न्हाई. माझं नाव न येता तू एकटा सांग. तकलीफ एकाला व्हावी, दोघांना काहून?

हरभरा बरा हाये. सासूबाईंचे गुडघे धरले हायेत. आत्याला माझा नमस्कार सांग, पण हळू सांग. मोठी बहीण समजून चार शब्द पोटात घाल.

तुझी
तारा

*

कळमनुरी,
ता. १९ डिसेंबर १९४०

सौ. अक्कास,
सूर्यकांतचा शि. सा. न. वि. वि.

झालं. काल झालं.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी सकाळी मी सांगायलाच गेलो होतो, मनात वाक्यबी जुळवलं होतं. नाना पूजेतून उठले अन् माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणले की किसनराव राजी झाले, संक्रांतीपासून दत्ताची पूजा तुझी, या घरात नजर ठेवणारा एक तरी निघाला. टरफलं मी शोधली म्हणून, समजलं का. अन् तसाच जा अन् ग्यानबा न्हाव्याला घेऊन ये म्हणले.

मी गेलो, अक्का. पाय चालत होते तसा चालत गेलो.

ग्यानबानं मला तीनदा इचारलं की खरंच का. म्हणला की असलं काम त्याच्या बापानं शेवटलं केलं होतं, त्याच्या हातून अजून झालं न्हाई, बाईनं असं काय केलं. मी म्हणलो की नानांना इचार. वाटेत तो दोनदा थांबला, एकदा चप्पल नीट करायला अन् एकदा काहीच न करायला. अंगणात आल्यावर त्यानं नानांना हात जोडून सांगितलं की वस्तऱ्याला धार न्हाई. नानांनी आपल्या कपाटातला वस्तरा काढून दिला.

आत्या आपल्या पायानं येऊन पाटावर बसली. अंबाडा तिनंच सोडला. केस पाटावरून खाली भुईला टेकले अन् आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. वस्तरा चालवताना ग्यानबा तोंड फिरवून राहिला, दोन जागी कापलं. आत्यानं डोळे मिटले न्हाईत. समोर मी उभा होतो, तर ती माझ्याकडंच बघत होती, पुरा वेळ. रागानं न्हाई. दूध उतू जाईल का म्हणून शेगडीवरच्या पातेल्याकडं बघतात ना, तसं.

झाल्यावर ग्यानबा वस्तरा पुसून राहिला. मला ते बघवंना, म्हणून मी म्हणून गेलो की आता आत्याचं अन् नानांचं डोकं एका साच्यातलं दिसतं. मला वाटलं कुणीतरी हसंल. ग्यानबा माझ्या तोंडाकडं पाहून बाजूला थुंकला अन् पैसे न घेता निघून गेला.

केस कयाधू नदीत सोडायला नानांनी मलाच धाडलं. टोपलीत होते, वरून फडकं. त्यांना वजन असतं हे मला ठाऊक न्हव्हतं. पाण्यात टाकले तर बुडंनात, दगडाला गुंडाळून बसले. काठीनं ढकलावे लागले.

आता आत्या गोठ्याजवळच्या पडवीत राहते. तिचं भांडं वेगळं, चूल वेगळी. आई भाकरीचं पीठ दुरून ठेवते. सांगून आता काय फायदा, तूच सांग. केस तर येणार न्हाईत, माझी पूजा मात्र जाईल. तू मला लबाड म्हणशील. म्हण. पण तुझ्या डब्याचं नाव मी काढलं न्हाई, ते तरी ध्यानात ठेव.

राग उतरला की दोन ओळी धाड.

तुझा
सूर्यकांत

*

कळमनुरी,
ता. ५ जानेवारी १९४१

चि. सौ. तारास,
गंगूआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा नमस्कार सूर्यकांतानं पोचवला. पडवीच्या खांबाआड उभं राहून पोचवला अन् पळाला. इथं मी बरी हाये. थंडी डोक्याला लागते, ती सवय न्हव्हती. पहिले आठ दिवस झोपेतून उठलं की हात आपोआप मागं जायचा, आता थांबला. कपिला रात्रंदिवस शेजारी असते, तिचं वासरू गेलं अन् माझं हे, दोघींचं बरं जमतं.

तू मला पत्र लिहिलं न्हाईस त्याचा राग न्हाई. सासरी असताना काय काय लिहिता येत न्हाई ते मला कळतं. वड्या सासूबाईंना आवडल्या का? तू केल्यास असं सांगितलं असशील तर चांगलं केलंस. माझ्या नावावर त्या कुणाच्या घशाखाली उतरल्या नसत्या.

तुला एक सांगते. ती टरफलं आतून पार कोरडी होती, एकात मुंग्यांचं घर होतं. ताज्या फोडलेल्या अंड्याचं टरफल आतून ओलं असतं, त्याला पातळ कातडं चिकटलेलं असतं. मडमेच्या मोरीत मी रोज पाहायची. त्या दिवशी अंगणात पाच माणसं होती अन् मी सोडून कुणी जन्मात अंडं जवळून पाहिलेलं न्हव्हतं. नाना चिमट्यात धरून ती टरफलं सगळ्यांना दाखवत होते, महिनाभर जुनी, अन् सगळे माना हलवत होते. मला हे तिथंच बोलता आलं असतं. पण मग मला अंड्याची इतकी माहिती कशी, हे इचारलं असतं. अन् दुधाचं सांगितलं असतं तर तुझ्या आईनं वासराचं पाप माझ्या पदरात टाकलं असतं. दोन्हीकडून वस्तराच होता. नाना इतकी वर्सं त्या केसांकडं डोळा लावून बसले होते, त्यांना निमित्त पाहिजे होतं. ते कुणी पुरवलं तेबी मला ठाऊक हाये. उपरण्याला राख लागली होती त्याच्या, अन् ते मीच धुतलं.

त्याला मी काही म्हणले न्हाई. तूबी मला ठाऊक असल्याचं त्याला लिहू नको.

कालची गोष्ट ऐक. नाना गाईला बघायच्या निमित्तानं पडवीपाशी आले. खोकले, दाव्याची गाठ तपासली, परत खोकले. मग म्हणले की महिना झाला, तोंडाला चव न्हाई, वैद्य म्हणतो अशक्तपणा. म्हणले की तू आता अशीबी वेगळीच राहतेस, तुझ्या चुलीवर काय शिजतं त्याला घराचा दोष लागत न्हाई. अन् हैदराबादेहून आलेला कोकोचा नवा डबा गव्हाणीत ठेवून गेले.

मी करणार हाये. भोगीच्या दिवशी दुपारी. तुझ्यावर माझा जीव हाये तेवढाच हाये, त्यात कमी न्हाई अन् जास्त न्हाई.

तुझी
गंगूआत्या

*

कळमनुरी,
ता. १७ जानेवारी १९४१

सौ. अक्कास,
सूर्यकांतचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचलं की चुलीत घाल. घालशील ना? आधी घालीन म्हण अन् मंगच वाच.

भोगीच्या आदल्या दिवशी नानांनी मला देवळामागं नेलं. इकडं तिकडं पाहून कानाशी लागले की भीमसिंगाकडून चार अंडी आण, गवतात लपवून आण, अन् गंगूला दे. औषध म्हणून, म्हणले. वैद्यानंच सांगितलं, म्हणले. अन् हे तुझ्या-माझ्यात. अक्का, माझ्या पोटात हसू इतकं दाटलं की मला देवळाची भिंत धरावी लागली. ज्या माणसानं अंड्यापायी बहिणीचं डोकं भादरलं, तो मला अंडी आणायला धाडून राहिला! मला वाटलं आता समदं ठीक होईल, अशी गंमत तर कुणाच्या बापाला जमली न्हाई.

अंडी आणून दिली. आत्यानं पदरात घेतली.

भोगीला दुपारी पडवीत दोन डबे निखाऱ्यावर होते. नाना दार लोटून आत बसले. पहिल्या डब्यातल्या नऊ वड्या खाल्ल्या, डोळे मिटून. मी फटीतून बघत होतो. खाता खाता म्हणले की त्या गोष्टीबिगर ही चव येतच न्हाई, पहिल्या घासालाच त्यांना कळलं होतं, आधीपासून. बोटं चाटून वर आत्याला म्हणले की शास्त्र वेगळं अन् प्रकृती वेगळी. आत्या कपिलेला चारा टाकून राहिली होती. तिनं मान हलवली.

नाना गेल्यावर तिनं मला हाक मारली. महिन्यानंतर पहिल्यांदा. दुसऱ्या डब्यातल्या चार वड्या पळसाच्या पानावर काढून माझ्यापुढं ठेवल्या, म्हणली की त्या दिवशी तुला एकबी मिळाली न्हव्हती. माझे डोळे भरून आले, खोटं न्हाई सांगत. मी तिच्या पायावर डोकं ठेवून समदं कबूल करणार होतो. आधी खाऊन घ्यावं म्हणलं. चारी खाल्ल्या. जरा कोरड्या वाटल्या, तोंडात भुगा व्हायच्या, पण मी म्हणलो लई चांगल्या झाल्या.

मंग तिनं पान उचललं अन् पीठ किती उरलं ते सांगावं अशा आवाजात सांगितलं. नानांच्या वड्यात कपिलेचं नासवलेलं दूध होतं, नेहमीसारखं. मी आणलेली चारी अंडी माझ्या वड्यात होती.

मी हसलो. थट्टा करून राहिली म्हणलं. तिनं राखेकडं बोट दाखवलं. चार टरफलं होती, अक्का. आतून ओली.

मी गोठ्यामागं जाऊन घशात बोटं घातली. काही निघालं न्हाई. परत येऊन तिच्या हातापाया पडलो, इचारलं की आता ती कुणाला सांगणार का. ती डबा घासून राहिली होती. म्हणली की गप कसं बसायचं ते तिला येतं, साऱ्या घरानं पाहिलं हाये.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. पहाटे मी दत्ताच्या गाभाऱ्यात पाय ठेवला. किसनराव अन् नाना हात जोडून मागं उभे होते. मी देवाला हात लावला, तोंडानं मंत्र म्हणून राहिलो अन् प्रत्येक अक्षराबराबर मला तोंडात तो भुगा लागत होता. नैवेद्य मी दाखवला, तीर्थ मी दिलं. साऱ्या कळमनुरीनं माझ्या हातचं तीर्थ घेतलं, आईनंबी घेतलं. आता हे बाहेर आलं तर मी एकटा बुडणार न्हाई, घरबी बुडंल अन् देऊळबी. आत्या रोज सकाळी दुरून देवळाच्या पायरीला नमस्कार करायला येते, डोक्यावर पदर घट्ट ओढून. मी आतून दिसलो की थांबते. बघते. जाते. ती एकदा बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला झोप लागली असती.

नाना परवा परत म्हणले की येत्या आठवड्यात अजून चार आण.

अक्का, भावजींना सांगू नको. सासूबाईंना तर मुळीच नको. तू जर बोललीस तर तो डबा कुणाच्या हातचा होता ते मलाबी सांगता येतं, हे बी ध्यानात ठेव. न्हाई, खोडतो हे, असं लिहायचं न्हव्हतं. मी धमकी देऊन न्हाई राहिलो. तुझ्या पाया पडतो, लेकरावाणी पडतो. जन्मात कुणाची थट्टा करणार न्हाई. आईला न्हाई, नानांना न्हाई, मेल्यावर बाबांनासुद्धा न्हाई, कुणालाच सांगू नको, अक्का, कुणालाच.

तुझा
सूर्यकांत